ज्याचं नाव प्रार्थनेत घेतलं, त्याला भेटायला रिह्याला

मुळशी म्हटलं की लोकांना धरण आठवतं, धुकं आठवतं आणि कांदाभजी आठवते. मी गेलो तो मार्चच्या शेवटी, डोंगर तपकिरी पडलेले असताना, आणि धरणाच्या बाजूला फिरकलोही नाही. मला रिह्याच्या खोऱ्यात जाऊन एका माणसाची माफी मागायची होती. तरीही बस, रस्ते, खाणं सगळं सांगतो. अशाच कामासाठी कुणाला निघायचं असेल, तर निदान रस्ता माहीत नव्हता ही सबब उरू नये.

मी खडकीचा. हयात कारखान्यात लेथवर गेली. शाळा सातवीपर्यंत, पुढचं काय ते चर्चच्या कपाटातल्या पुस्तकांवर. आमच्या मंडळीत मी पुष्कळ वर्षं पंच आहे, म्हणजे पाळकसाहेबांच्या बरोबरीने मंडळीचा कारभार बघणाऱ्यांतला एक. दर बुधवारी संध्याकाळी आमची प्रार्थनासभा असते. ज्याची जी अडचण असेल ती तो सांगतो, आणि मग कुणीतरी उभं राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने प्रार्थना करतं. हे कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा मीच.

नऊ वर्षांपूर्वी एका रविवारी उपासना संपल्यावर याकोब माझ्या शेजारी येऊन बसला. तिशीतला, कंपनीची बस चालवणारा, शांत गडी. म्हणाला, झोप उडाली होती, नको नको ते विचार येत होते, मनाच्या डॉक्टरांकडे गेलो, गोळ्या चालू आहेत, आता बरं वाटतंय. "फक्त तुम्हालाच सांगतोय, काका. प्रार्थनेत ठेवा."

मी ठेवलं. पण कसं? त्या बुधवारी उभा राहिलो, डोळे मिटले आणि देवाला सगळं सांगितलं. मोठ्याने, नावानिशी, गोळ्यांसकट. चाळीसएक माणसं होती. सगळ्यांनी आमेन म्हटलं. डोळे उघडले तेव्हा याकोबची खुर्ची रिकामी होती.

त्याच्या कंपनीतला एक साहेब आमच्याच मंडळीत यायचा. याकोबची बस गेली, बस गेली म्हणजे नोकरी गेली. वर्षभरात तो बायकोला घेऊन खडकीतून निघून गेला. लोक म्हणाले, विश्वासात कमी पडला. मीही म्हणालो. खोटं कशाला लिहू?

मग हे आत्ताच का उगवलं? गेल्या काही महिन्यांत मला विसरायला होतं. उपासनेत शास्त्रवाचन, म्हणजे बायबलचं वाचन, करताना ओळ हरवते, ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर येता येता परत जातं. डॉक्टर म्हणाले, बघू, तपासण्या करू. मी ही गोष्ट आमच्या एका पंचाला विश्वासाने बोललो. पुढच्या बुधवारी त्याने उभं राहून, डोळे मिटून, "आमच्या मनोहरकाकांची स्मृती" देवाच्या हाती सोपवली. आमेन झालं. सगळे माझ्याकडे अशा मायेने बघायला लागले की मला कपाट उघडून आत बसावंसं वाटलं. दुसऱ्या रविवारी शास्त्रवाचन दुसऱ्याकडे गेलं.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीने सगळ्यांनी मिळून भाकरी घ्यायचा विधी. भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं आणि मी ते न घेता पुढे दिलं. ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्याकडे आधी जा, मग देवाकडे ये, हे मी इतरांना शिकवत आलो होतो. घरी येताना ठरवलं, पुनरुत्थानाच्या सणाआधी, म्हणजे ईस्टरआधी, याकोबला गाठायचं. आज आठवतंय तोवर.

महाळुंगे: मुलीचा मुक्काम

आदल्या दिवशी मी रूथकडे, म्हणजे मुलीकडे, महाळुंग्याला मुक्कामाला गेलो. खडकीहून बालेवाडीपर्यंत सिटी बस आहे, पुढे रिक्षा. एकविसाव्या मजल्यावर घर. लिफ्टमध्ये एक लातूरकडची मुलगी फोनवर सांगत होती, "आई, मीटिंग हाय गं, नंतर डेफिनेटली करते." शेजारच्या पोराने मला विचारलं, "अंकल, कौनसा फ्लोअर?" मला आकडा आठवेना. खिशातल्या वहीत बघितला. हल्ली सगळं वहीत असतं.

रूथला बेत सांगितला तर ती पोळी लाटता लाटता थांबली.

"पप्पा, नऊ वर्षं झाली. फोन करा ना."

"नंबर नाही."

"मिळवू."

"फोनवर माणूस तोंड लपवतो, रूथ."

"मग मी गाडी बुक करते. दारात सोडेल, दारातून आणेल."

"दार कुठाय तेच माहीत नाही मला. त्याची बायको मार्था पिरंगुटला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आहे आणि हे रिह्याकडे राहतात, एवढंच कळलंय."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "आणि रस्ता विसरलात तर?"

"विसरलो तर विचारीन. अजून तोंड आहे."

तिने डबा भरून दिला. चपाती, मेथीची भाजी, वर लोणच्याची फोड. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी चहा सोडतो, म्हणून थर्मासमध्ये नुसतं गरम पाणी.

पिरंगुट: फाटकावरची बाई

महाळुंग्याहून रिह्याला जवळचा रस्ता हिंजवडी, माण, घोटावडे असा. मला मार्थाला आधी भेटायचं होतं म्हणून मी चांदणी चौक गाठला आणि पौड रस्त्याची सिटी बस पकडली. ज्येष्ठांचा पास असेल तर उत्तमच. सकाळी आठच्या आत निघा. भूगावात गाड्या अशा अडकतात की शेजारच्या माणसाची सात पिढ्यांची माहिती होते. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ जमीन विकून दोन मजली चाळ बांधून भाडं खाणारे निघाले. त्यांना एकच दुःख होतं, भाडेकरू पाणी फार वापरतात.

पिरंगुटला उतरून नाश्ता उरकून घ्या. पुढे काही मिळेल याचा भरवसा नाही. मी वडापाव खाल्ला. गाडीवाल्याने न मागता चहाचा कप पुढे सरकवला, तो परत केल्यावर त्याने माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

कारखान्याच्या फाटकावरचा रखवालदार बिहारकडचा. "किससे मिलना है, चाचा?" मी मार्थाचं नाव सांगितलं. "रोटीवाली दीदी? रुकिए." दहा मिनिटांनी ती आली. हाताला पीठ, डोक्याला जाळीची टोपी. मला बघून ती थबकली. हसली नाही.

"सलाम, मार्था," मी म्हणालो. आमच्यात भेटल्यावर सलाम म्हणतात.

"कोण गेलं का?"

"नाही, नाही. मी याकोबला भेटायला आलोय. त्याची माफी मागायची आहे."

तिने हाताचं पीठ चोळून चोळून काढलं. मग म्हणाली, "त्यांना भेटून तुम्हाला बरं वाटेल. त्यांना काय वाटेल, त्याचा विचार केलाय?"

नऊ वर्षांत मी पुष्कळ विचार केला होता असं मला वाटत होतं. हा केला नव्हता.

"नाही," मी म्हणालो.

"मग करा जाताना. वाट लांबची आहे." ती वळली. मी विचारलं, "पत्ता?" ती न थांबता बोलली, "मी देणार नाही. रिहे काय मुंबई नाही, विचारा कुणालाही."

तिथून परत फिरता आलं असतं. रूथला सांगता आलं असतं की गेलो होतो, पत्ता मिळाला नाही. फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसून अर्धा थर्मास पाणी प्यायलो. माझी माफी त्याच्या जखमेवर पुन्हा बोट ठेवणार असेल, तर जावं का? मग स्वतःला सांगितलं, मनोहर, जा. त्याने हाकललं तर निमूट परत ये. पण त्याला नाही म्हणायची संधी तरी दे. ती तू त्या बुधवारीही दिली नव्हतीस.

रिहे: राब

पिरंगुटच्या पुढे घोटावडे फाट्याला उजवीकडे वळायचं. फाट्यावरून घोटावड्यापर्यंत शेअर जीप मिळते, ती भरेपर्यंत हलत नाही. घोटावड्याहून रिह्याच्या बाजूला वाहनं तुरळक. मी चालत निघालो. माझ्या पायांना दीड तास लागला, तुमच्या पायांना तासभर. टोपी आणि पाणी विसरू नका. रस्त्याला एका बाजूला प्लॉटच्या पाट्या, दुसऱ्या बाजूला कापणी होऊन गेलेली कोरडी भातखाचरं. फार्महाऊसच्या उंच भिंती मध्येच येतात, आत हिरवंगार लॉन, बाहेर वाळलेलं गवत. करवंदीला फूल होतं. त्याचा गोड वास आणि कुठूनतरी येणारा धुराचा वास, दोन्ही एकाच वाऱ्यावर.

रिह्यात पहिल्याच माणसाला याकोब म्हटल्यावर त्याने हात केला. "वडाच्या फुडं बंगला हाय पांढरा, त्याचा राखणदार. पर आज हौसामावशीच्या राबावर आसंल."

राब म्हणजे काय ते सांगतो, मलाही त्या दिवशीच कळलं. भाताचं रोप जिथे टाकायचं तेवढ्या तुकड्यावर उन्हाळ्यात आधी शेण पसरतात, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, वर पालापाचोळा, आणि शेवटी बारीक मातीचा थर. मग ते पेटवतात. भडका उडू द्यायचा नाही, आतल्या आत सावकाश जळलं पाहिजे.

खाचरात एक सत्तरीची बाई कमरेवर हात ठेवून उभी होती आणि एक माणूस फांद्या पसरत होता. केस पांढरे झालेले, खांदे रुंद झालेले. मी बांधावर उभा राहिलो. याकोबने वर बघितलं. मला ओळखलं हे दिसलं. पुन्हा खाली वाकून त्याने फांदी सरळ केली.

"कोन रं याकूब?" बाईंनी विचारलं.

"पुण्याचं हायेत. वळखीचं." नऊ वर्षांत त्याचं बोलणंही इथलंच झालं होतं.

"मंग बांधावर देवासारकं काय हुबं? खाली या की! माती टाकायला एक हात कमीच हाय."

असं माझं स्वागत झालं. मी चपला काढल्या, पँट दुमडली आणि पाटी उचलली. हौसाबाई माती भरून देत होत्या, मी नेऊन टाकत होतो, याकोब ती हाताने पसरत होता. असं अर्धा तास काम चाललं. हौसाबाईंचं तोंडही चालूच. "थर पातळ टाका, गादी नका घालू." "आवो, त्या कोपऱ्याला काय देनंघेनं न्हाई का?" मी आयुष्यभर लेथवर इंचाच्या हजाराव्या भागाच्या मापात काम केलेला माणूस, पण त्यांच्या नजरेला माझा एक थर उतरेल तर शपथ.

दुपारी झाडाखाली बसलो. मी रूथचा डबा उघडला, त्यांनी भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. हौसाबाईंनी तीन दगडांवर चहा ठेवला.

"मला नको, मावशी. उपवास आहे."

"आत्ता भाजी-चपाती खाल्ली न्हवं?"

"ती चालते. चहा चालत नाही. चाळीस दिवस."

"आन ह्यो उपास?" त्या याकोबकडे वळल्या. "तुमच्यात आसं आस्तं व्हय रं?"

याकोब पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलला. "प्या, काका. मंडळीत कुनाला सांगायचो न्हाई मी."

हौसाबाई हसल्या. मी कप घेतला. तो चहा मी प्यायलो, आणि इतका कडू चहा उभ्या जन्मात प्यायलो नाही, साखर भरपूर असून.

हौसाबाई बैलांना पाणी दाखवायला गेल्या. मी खिशातून कागद काढला. चार दिवस खपून लिहिलेला, शास्त्रातल्या दाखल्यांनी भरलेला. उभा राहिलो आणि सुरुवात केली, "याकोब, प्रभूने माझ्या अंतःकरणात..."

"त्याला मधी घालू नका," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "मागच्या टायमाला पन त्यालाच मधी घातलं हुतं."

मी कागद घडी करून खिशात टाकला. गुडघे मातीने भरलेले, कागद नाही, शास्त्र नाही. काय उरलं? म्हणालो, "तू मला एकट्याला सांगितलं होतंस. मी सगळ्यांना सांगितलं. चुकून नाही. माझी प्रार्थना ऐकून लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, हे मला आवडायचं. त्या दिवशी तुझं दुःख माझ्या हाताशी होतं, म्हणून मी ते वापरलं. तुझी नोकरी गेली ती माझ्यामुळे. मी चूक केली, याकोब."

तो गवताची काडी मोडत बसला होता.

"नोकरीचं तुमाला ठाऊक हाय," तो म्हणाला. "फुडलं न्हाई. त्या बुधवारनंतर मंडळीतली दोगं घरी आली. म्हनली, प्रार्थना झालीय, आता गोळ्यांची गरज काय? विश्वास ठेव. म्या बंद केल्या."

"मग?"

"मंग सा म्हैनं मला मार्थानं सांबाळलं. आंघोळ घालन्यापासनं. तिला इचारा कसं."

मला फाटकावरची मार्था आठवली, पीठ चोळून काढणारी.  हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं नव्हतं, हे जास्त खरं.

"आता?"

"आता घेतो की रोज. बरा हाय. हौसामावशीला म्या स्वता सांगितलं. रोज सकाळी बंगल्याच्या गेटावर येऊन वरडती, 'याकूब, खाल्ली का?' लोकांना वाटतं भाकरीचं इचारतीया."

मी विचारलं, "प्रार्थना करतोस का रे?"

"करतो. आवाज न्हाई काढत."

मग मीच म्हणालो, "माफ करशील का?"

"करतो म्हनायला काय जातंय? तुमी खुशीत घरी जाल. पर त्ये खोटं हुईल. मी अजून तितवर पोचलो न्हाई, काका. चाललोय."

"मग मी काय करू? सांग, ते करतो."

त्याने काडी टाकून दिली. "जितं सांगितलं तितं उबं ऱ्हावा. डोळं उगडं ठिऊन. आन तुमी काय केलं त्ये सांगा. माझं नाव न घेता. माझं नाव एकदा घेतलंत, तेवडं पुरं."

"सांगतो. येत्या बुधवारी."

"बगू," तो म्हणाला, आणि उठला. वारा मंदावला होता. हौसाबाई हाका मारत होत्या.

राब वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवला. ज्वाळ जवळजवळ नाहीच, नुसता धूर आणि मातीखालून सरकत जाणारी धग. "ह्यानं तनाचं बी जळतं," हौसाबाईंनी सांगितलं, "मंग रोप कसं, निर्मळ येतं." मी म्हणालो, किती वेळ लागेल? "घाई आसंल तर जा की. त्याला न्हाई घाई."

परतीचा रस्ता

पाच वाजत आले. घोटावड्यापर्यंत पुन्हा चालायचं म्हणून मी चपला घातल्या. याकोबने बंगल्यातून मोटारसायकल काढून माझ्यासमोर उभी केली.

"मानपर्यंत सोडतो. बसा." मी पाय टाकणार तोच तो मागे न बघता म्हणाला, "का भ्या वाटतंय, माझ्या मागं बसायला?"

"नाही," मी म्हणालो आणि बसलो. त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

घोटावड्याहून माणकडे जाणारा हा रस्ता वळणावळणाचा, चढाचा, आणि संध्याकाळी समोरून कामावरून सुटलेल्यांच्या गाड्या सुसाट येतात. तुम्ही स्वतःची गाडी आणणार असाल तर उजेडात पार करा. याकोबने ती मोटारसायकल अशी चालवली की खड्डा आधी त्याला दिसायचा आणि मला नंतर कळायचंही नाही. प्रत्येक वळणावर हॉर्न, प्रत्येक म्हातारीला वाट. अशा माणसाच्या हातातून बस काढून घेतली होती. त्याच्या पाठीमागे बसून मी ते नुकसान मोजत आलो.

माणला आयटीवाल्यांच्या गाड्यांच्या गर्दीत त्याने मला उतरवलं. शेअर रिक्षा थांबवून चालकाला बजावलं, "म्हाळुंग्याला सोसायटीच्या गेटात सोडायचं, भाऊ. मधीच उतरवू नको." मी म्हणालो, "सलाम, याकोब." तो म्हणाला, "सावकाश जावा."

रूथने दार उघडलं. माझ्या अवताराकडे, मातीने भरलेल्या पँटकडे बघून ती म्हणाली, "माफी मागायला गेला होतात की विहीर खणायला?"

खडकी

बुधवार आला.  प्रार्थनासभा सुरू झाल्यावर मी पाळकसाहेबांना म्हटलं, मला प्रार्थना करायची नाही, बोलायचं आहे. उभा राहिलो. डोळे उघडे ठेवून चाळीस तोंडांकडे बघत प्रार्थना करणं मला कधी जमलं नसतं. बोलणं तर त्याहून अवघड निघालं. वहीत चारच ओळी लिहून नेल्या होत्या, विसरेन म्हणून. एका माणसाने मला विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी या ठिकाणी प्रार्थनेच्या नावाखाली फोडली. त्याचं आणि त्याच्या घराचं फार नुकसान झालं. त्याचा विश्वास कमी पडला नव्हता, माझा पडला होता. नाव विचारू नका.

आमेन कुणी म्हटलं नाही. ते म्हणायचं वाक्य नव्हतंच. माझ्या विसरण्याची प्रार्थना करणारा पंच चपलांकडे बघत बसला. पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाची काही विनंती?  मग सुशीलाबाई उठल्या. विधवा बाई, वर्षानुवर्षं शेवटच्या बाकावर बसणाऱ्या, कधी एक शब्द न बोलणाऱ्या. म्हणाल्या, "माझी एक आहे. काय आहे ते सांगणार नाही." आणि बसल्या. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. त्या दिवशी मोठ्याने कुणीच प्रार्थना केली नाही.

बाहेर पडताना सुशीलाबाईंनी मला थांबवलं. "भाऊ, मी सात वर्षं इथं तोंड उघडलं नाही ते तुमच्यामुळेच. मला तुमचं ऐकून भीती बसली होती." एका माणसाचं करायला गेलो, आणि अजून किती जण रांगेत असतील ते देव जाणे. ज्यांची आठवण आहे त्यांची यादी वहीत लिहायला घेतली आहे. एकेकाकडे जाणार आहे.

पुनरुत्थानाच्या सणाला ताट आलं तेव्हा मी भाकरी घेतली. याकोब अजून वाटेत आहे. तो पोचेपर्यंत मी उपाशी राहिलो तर ते त्याच्यावर दडपण ठरलं असतं, असं मला वाटलं. चुकत असेन तर देव बघून घेईल. पूर्वी मला तारण, पापातून सुटका, म्हणजे एकदा मिळालेली आणि पेटीत ठेवलेली वस्तू वाटायची. आता वाटतं, ते रोज उठून चालायचं असतं, आणि पाय दुखतात.

हे सगळं छापायला द्यायच्या आधी मी पुन्हा रिह्याला गेलो, यावेळी माणच्या रस्त्याने, रविवारी दुपारी. मार्था घरी होती. तिने दारातच विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

"नाव?"

"नाही घेतलं."

ती बाजूला झाली, मला आत येऊ दिलं. मी दोघांना हे वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. नावं तेव्हाच बदलली, याकोब आणि मार्था ही त्यांनीच निवडलेली. सुशीलाबाईंचं नावही बदललंय, आणि त्यांना विचारूनच लिहिलंय. ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टीही त्यांनी फिरवायला लावल्या. याकोबने मध्ये दोनदा थांबवलं आणि दोन ओळी काढायला सांगितल्या. "ह्या नको. बाकी ऱ्हाऊ दे. कुनाचं तरी घर वाचंल."

त्या दोन ओळी मी त्याच्यासमोर खोडल्या. घरी आल्यावर रूथने विचारलं, कोणत्या होत्या? मी सांगितलं नाही. ती थोडी रुसली. या डोक्याचा आता भरवसा नाही, त्यामुळे एखाद्या दिवशी त्या ओळी डोक्यातून जातीलही. पण तोंडातून जाणार नाहीत.